प्रवेश मोफत, पण बसचे भाडे कोणी भरायचे? अमेरिकेतील चौथीच्या मुलांचा निसर्गपास आणि त्याच्या जोडीची अनुदाने

अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला वर्षभर राष्ट्रीय उद्याने, केंद्र सरकारच्या ताब्यातील जंगले, अभयारण्ये आणि धरणांचे जलाशय विनाशुल्क पाहू देणारा एक पास मिळतो, ही गोष्ट इथल्या बऱ्याच मराठी कुटुंबांना मूल पाचवीत गेल्यावर कळते. पासाचे नाव ‘एव्हरी किड आउटडोअर्स’. आपल्या मुलासाठी तो घेणारी पालक म्हणून आणि पुढे कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यातल्या शाळांच्या सहलींना स्वयंसेवक म्हणून जाणारी व्यक्ती म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी मी ही योजना पाहिली आहे. त्या अनुभवावर आधारलेला हा आढावा आहे. निष्कर्ष आधीच सांगते. ज्यांच्या दारात गाडी आहे आणि शनिवार-रविवार मोकळा आहे, त्यांच्यासाठी ही अत्यंत उत्तम सवलत आहे. मात्र ज्या मुलांचे नाव पुढे करून ती जाहीर झाली, त्यांच्यापर्यंत ती एकट्याने पोहोचत नाही. तिथे उपयोगी पडतात ती बसभाड्याची, जेवणाची आणि मार्गदर्शकांच्या मानधनाची अनुदाने, आणि त्यांची चर्चा फारच कमी होते.

ही योजना २०१५ मध्ये ओबामा प्रशासनाने ‘एव्हरी किड इन अ पार्क’ या नावाने सुरू केली. नऊ ते अकरा या वयात मुले निसर्गाविषयी सर्वाधिक उत्सुक असतात आणि त्या वयात लागलेली गोडी टिकते, असा विचार करून चौथीचा वर्ग निवडला गेला. मार्च २०१९ मध्ये दिवंगत खासदार जॉन डिंगेल यांच्या नावाच्या मोठ्या संवर्धन कायद्यात तिचा समावेश झाला, नाव बदलले आणि सात वर्षांची मुदत मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये संमत झालेल्या एक्स्प्लोर कायद्याने ती मुदत पुढे वाढवली. एका पक्षाच्या अध्यक्षाने सुरू केलेली योजना दुसऱ्या पक्षाच्या अध्यक्षाच्या सहीने कायद्यात जावी, हे अलीकडच्या अमेरिकेत विरळाच म्हणावे लागेल. राष्ट्रीय उद्यान सेवा, वन सेवा, मत्स्य व वन्यजीव सेवा, भू-व्यवस्थापन विभाग आणि धरणे सांभाळणारी लष्कराची अभियंता शाखा अशी अनेक खाती या एका पासाखाली आलेली आहेत, आणि त्यांच्या ताब्यातील दोन हजारांहून अधिक ठिकाणी तो चालतो.

पास मिळवण्यात काही अडचण नाही. मुलाने संकेतस्थळावर जाऊन एक छोटासा खेळवजा प्रश्नसंच पूर्ण करायचा, त्याच्या शेवटी क्रमांक असलेला कागदी पास येतो आणि तो छापून घ्यायचा. शिक्षकांना संपूर्ण वर्गासाठी पास काढता येतात. घरी शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांनाही तो मिळतो. वैधता १ सप्टेंबरपासून पुढच्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत असते, म्हणजे चौथी संपल्यानंतरची अख्खी उन्हाळी सुट्टी त्यात येते. अनेक पालक शाळा संपली की पासही संपला असे समजून तो कागद टाकून देतात, आणि नेमके तेच महिने फिरण्याचे असतात.

उद्यानाच्या प्रवेशनाक्यावर काय मिळते, ते नीट समजून घेतले पाहिजे. जिथे गाडीमागे शुल्क आहे, तिथे मूल ज्या खासगी गाडीत बसले आहे तिच्यातील सगळ्यांना प्रवेश मिळतो. जिथे माणशी शुल्क आहे, तिथे ते मूल, सोबतची सोळा वर्षांखालील मुले आणि तीन प्रौढ आत जाऊ शकतात. योसेमिटीला एका गाडीचे ३५ डॉलर आणि पिनॅकल्सला ३० डॉलर लागतात, आणि सर्व ठिकाणी चालणारा वार्षिक पास अमेरिकेतील रहिवाशांना ८० डॉलरला पडतो, हे लक्षात घेतले तर एका उन्हाळ्यात दोन-तीन उद्याने पाहणाऱ्या कुटुंबाची चांगली बचत होते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी मात्र आता आधी चौकशी करावी. २०२६ च्या आरंभापासून योसेमिटी, ग्रँड कॅनियन, यलोस्टोन यांसारख्या अकरा गर्दीच्या उद्यानांत अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांसाठी माणशी १०० डॉलरचे जादा शुल्क लागू झाले आहे. नातवाच्या पासावर आजोबा सहज आत जातील, हे गृहीत धरून तीनशे मैल गाडी चालवत जाण्यात शहाणपण नाही.

काय मिळत नाही, त्याची यादीही बरीच आहे. तंबूची जागा, नौकाविहार, मार्गदर्शकासोबतच्या विशेष फेऱ्या आणि आगाऊ आरक्षणाचे शुल्क यांपैकी काहीच या पासात येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्युअर वुड्सला २०१८ पासून गाडी उभी करण्यासाठी किंवा शटल बससाठी आरक्षण करावे लागते आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. पॉइंट रेज किंवा गोल्डन गेटचा बराचसा परिसर यांसारख्या अनेक ठिकाणी मुळात प्रवेशशुल्कच नाही, त्यामुळे तिथे पास असला काय आणि नसला काय, फरक पडत नाही. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या चारशेहून अधिक स्थळांपैकी बहुसंख्य ठिकाणी प्रवेश विनामूल्यच आहे, ही बाब जाहिरातींमध्ये ठळकपणे सांगितलेली मला आढळलेली नाही.

कागदाच्या बाबतीत एक तक्रार नोंदवायला हवी. या योजनेत बरीच वर्षे छापील पासच ग्राह्य धरला गेला. फोनवरचे छायाचित्र दाखवून चालत नसे. एका मनोरंजन क्षेत्राच्या नाक्यावर आमच्या पुढच्या गाडीतील कुटुंबाला याच कारणावरून परत फिरताना मी पाहिले. मागच्या सीटवरचा मुलगा फोन उंच धरून क्रमांक दाखवत होता आणि खिडकीतला कर्मचारी, अगदी सौम्यपणे का होईना, मान हलवत होता. घरी प्रिंटर नसणे ही गरिबीची एक साधी खूण आहे, आणि गरीब मुलांसाठी म्हणून काढलेल्या पासाला प्रिंटरची अट असणे ही योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट आहे. अलीकडे केंद्रीय पास डिजिटल स्वरूपात मिळू लागले आहेत, त्यामुळे ही अडचण हळूहळू कमी होईल. तरीही नाक्यावर इंटरनेट मिळेलच असे नाही, म्हणून सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन एक प्रत छापून गाडीत ठेवावी. तीच प्रत काही उद्यानांत दाखवून टिकाऊ प्लास्टिकचे कार्ड घेता येते आणि मुलांना त्या कार्डाचा अभिमानही फार वाटतो.

या सगळ्या त्रुटी किरकोळ आहेत. मूळ प्रश्न नियमाच्या एका शब्दात दडलेला आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘खासगी गाडी’. व्यावसायिक वाहनाला हा पास लागू नाही. म्हणजे ज्या मुलाच्या घरी गाडी आहे, ती गाडी घाटात चढण्याच्या अवस्थेत आहे, ती चालवणाऱ्या आईला किंवा वडिलांना आठवड्यात एक दिवस सुट्टी आहे आणि पेट्रोलला पैसे आहेत, त्या मुलाला हा पास तीस डॉलर वाचवून देतो. यांतली एक अट जरी हुकली, तरी तीस डॉलरची माफी निरुपयोगी ठरते. शाळेच्या सहलींना शैक्षणिक कारणास्तव प्रवेशशुल्काची माफी वेगळा अर्ज करून पूर्वीपासूनच मिळत आलेली आहे. तेव्हा शाळेच्या दृष्टीने या पासाने फारसे नवे काही दिलेले नाही.

सॅलिनास खोऱ्यात हे फार स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या ताटातील लेट्यूस, फ्लॉवर, ब्रोकोली आणि स्ट्रॉबेरी मोठ्या प्रमाणात इथून जाते. हे खोरे हायवे १०१ च्या दोन्ही अंगांना पसरलेले असून त्याच्या पूर्वेला गॅबिलान डोंगररांग आहे. त्या रांगेत पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे हे अवशेष सॅन अँड्रियास भूभ्रंशाबरोबर सरकत सरकत जवळपास दोनशे मैल वायव्येला येऊन पोहोचले आहेत. १९०८ पासून राष्ट्रीय स्मारक असलेल्या या जागेला जानेवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. खोऱ्यातल्या सोलेदाद गावातून ते डोंगर दिसतात आणि गाव स्वतःला पिनॅकल्सचे प्रवेशद्वार म्हणवते. परंतु तिथून उद्यानाच्या पश्चिम बाजूला जाणारा १४६ क्रमांकाचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा असून मोठ्या वाहनांनी त्या वाटेने येऊ नये, अशी सूचना आहे. पूर्व आणि पश्चिम बाजूंना जोडणारा रस्ता उद्यानाच्या आत नाही. मुख्य गुहा आणि जलाशय पूर्वेकडे आहेत. परिणामी सोलेदादच्या शाळेची बस आधी दक्षिणेला किंग सिटीपर्यंत जाते आणि मग डोंगराला वळसा घालून पूर्वेकडून आत शिरते. समोर दिसणाऱ्या डोंगरावर पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि त्या तासाचे भाडे कोणाला तरी भरावे लागते.

एका स्थानिक संस्थेला मिळालेल्या अनुदानातून निघालेल्या सहलीत मी या बसमध्ये होते. मुले जवळजवळ सगळी शेतमजुरांची होती. अनेकांचे आईवडील पहाटे चारला लेट्यूसच्या शेतावर जाणारे, कुणी घरी स्पॅनिश बोलणारे, तर कुणी मेक्सिकोच्या ओअहाका भागातील मिश्तेक किंवा त्रिकी भाषा बोलणारे. उद्यानाचे डोंगर त्यांनी रोज पाहिले होते, पण बसमध्ये हात वर करायला सांगितल्यावर आधी तिथे जाऊन आलेला एखादाच निघाला. संस्थेने प्रत्येकाला एक टॉर्च, पाण्याची बाटली आणि दुपारच्या जेवणाची पिशवी दिली होती. ज्यांचे बूट घसरणारे होते त्यांना बदलून देण्यासाठी वापरलेल्या बुटांची एक पेटी बसच्या मागच्या बाजूला ठेवलेली होती. ही पेटी मला आजवर पाहिलेल्या कुठल्याही सरकारी पासापेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली वाटली.

बेअर गल्च ही गुहा जमिनीखाली पाण्याने कोरलेली नाही. अरुंद घळीत वरून कोसळलेले प्रचंड दगड एकमेकांत अडकून तिचे छत तयार झाले आहे. आत शिरताच उजेड संपतो आणि डोके वाकवून चालावे लागते. तिथे मोठ्या कानांच्या टाउनसेंड वटवाघळांची वसाहत असल्यामुळे पिल्लांच्या काळात, साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, ती पूर्ण बंद असते. सहलीची तारीख ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. गुहेत पहिली पाच मिनिटे मुलांचा इतका गोंगाट होता की मार्गदर्शक मुलीला काही सांगताच येईना. मग तिने सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले. अंधारात पाण्याचा आवाज ऐकू आला तशी मुले एकेक करून गप्प झाली. माझ्या शेजारच्या मुलीने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती आणि तोंडाने मात्र ‘मी नाही घाबरले’ असे स्पॅनिशमध्ये तीनदा म्हणाली. पुढे दगडात कोरलेल्या पायऱ्या चढून आम्ही वरच्या जलाशयापाशी आलो आणि तिथल्या खडकांवर बसून सगळ्यांनी डबे उघडले.

कॅलिफोर्निया काँडोर दिसला तो जेवण चालू असताना. जगातून जवळपास नामशेष झालेला हा गिधाडासारखा प्रचंड पक्षी. १९८७ मध्ये शेवटचा मुक्त काँडोर पकडला गेला, तेव्हा जगात सगळे मिळून २७ उरले होते आणि सगळेच पिंजऱ्यात होते. बंदिवासात प्रजनन करून त्यांना पुन्हा सोडण्याच्या कामात पिनॅकल्स २००३ पासून सहभागी आहे. साडेनऊ फुटांच्या पंखांवर क्रमांकाचा बिल्ला असतो, तो दुर्बिणीतून वाचता येतो. दुर्बिणी कमी होत्या, त्यामुळे क्रमांक कोणी वाचला यावरून भांडण झाले. एका मुलाने हा पक्षी इतका कमी का झाला, असे विचारले. मेलेल्या जनावरांच्या मांसातून शिकाऱ्यांच्या गोळ्यांचे शिसे त्याच्या पोटात जाते आणि विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली, असे मार्गदर्शक मुलीने सांगितले. त्यावर तो म्हणाला की त्याचे मामा रानडुकराच्या शिकारीला जातात आणि तो त्यांना विचारणार आहे. निसर्गशिक्षणाचे फलित मोजण्यासाठी अनुदान देणारे जे तक्ते भरून घेतात, त्यांत हे वाक्य लिहायला रकाना नव्हता.

या एका दिवसाचा खर्च मांडून पाहिला, तर प्रवेशशुल्क त्यात सर्वांत लहान बाब ठरते. एका दिवसाच्या स्कूल बसचे भाडे सहज हजार डॉलरच्या घरात जाते. शिक्षिका सहलीला गेली तर तिच्या उरलेल्या कामासाठी बदली शिक्षक लागतो. सोबत येणाऱ्या पालकांची बोटांचे ठसे घेऊन पडताळणी करावी लागते. ज्या पालकाचा एक दिवसाचा रोज बुडतो, तो स्वयंसेवक म्हणून येऊ शकत नाही, म्हणून प्रशिक्षित आणि स्पॅनिश बोलणारे मार्गदर्शक पगारावर नेमावे लागतात. याशिवाय जेवण, विमा आणि संमतीपत्रांची दोन-तीन भाषांतली भाषांतरे हा खर्च असतोच. नाक्यावरचे तीस डॉलर माफ करून यांतला एकही खर्च कमी होत नाही.

आपल्याकडे एसटी महामंडळ शाळेच्या शैक्षणिक सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते. महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या पिढीतील अनेकांनी रायगड, अजिंठा किंवा समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या लाल गाडीतून. ती गाडी आरामदायी होती असे कोणी म्हणणार नाही, आणि सहलींत निसर्गशिक्षण किती होते आणि अंताक्षरी किती, हा वेगळा मुद्दा. पण सवलत नेमकी कुठे द्यायची हे ज्याने ठरवले, त्याला मुले घरी का राहतात हे माहीत होते. अमेरिकेच्या केंद्रीय योजनेत तेवढे एक शहाणपण कमी पडले.

ती उणीव भरून काढणाऱ्या अनुदानांपैकी देशपातळीवर सर्वांत महत्त्वाची योजना ‘ओपन आउटडोअर्स फॉर किड्स’ ही आहे. अमेरिकी संसदेने १९६७ मध्ये स्थापन केलेले नॅशनल पार्क फाउंडेशन ही योजना २०११ पासून चालवते. देणगीदारांकडून आलेला पैसा उद्यानांना आणि त्यांच्या सहयोगी संस्थांना दिला जातो, आणि त्यातून मुख्यतः बसभाडे आणि सहलीतील शिक्षणाचा खर्च भागवला जातो. दहा लाखांहून अधिक मुलांना तिचा लाभ झालेला आहे. चौथीच्या मुलांना तिच्यात प्राधान्य असल्यामुळे ती पासाशी जुळवून घेतलेली आहे. एका बाजूने पास आणि दुसऱ्या बाजूने बस असा मेळ जिथे बसतो, तिथे योजना खरोखर चालते. पालकाला किंवा एकट्या शिक्षिकेला तिथे थेट अर्ज करण्याची सोपी वाट मात्र नसते. त्यामुळे आपल्या जवळच्या उद्यानाच्या शिक्षण विभागाला दूरध्वनी करून यंदा बसभाड्याची सोय आहे का, असे विचारणे हाच सर्वांत व्यवहार्य उपाय आहे. शाळा ऑगस्टमध्ये उघडते तेव्हाच विचारावे, कारण जागा वसंत ऋतूच्या कितीतरी आधी भरतात.

राज्यांच्या पातळीवर न्यू मेक्सिकोने पहिले पाऊल टाकले. २०१९ मध्ये तिथे ‘आउटडोअर इक्विटी फंड’ स्थापन झाला आणि कमी उत्पन्न गटातील मुलांना निसर्गात नेणाऱ्या संस्थांना त्यातून पैसे मिळू लागले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने एबी २०९ या विधेयकाद्वारे ‘आउटडोअर इक्विटी ग्रँट्स प्रोग्रॅम’ निर्माण केला. पहिल्या फेरीत, २०२२ मध्ये, १२५ कार्यक्रमांना एकूण ५ कोटी ७० लाख डॉलर मंजूर झाले. एका कार्यक्रमाला किमान २० हजार आणि कमाल ७ लाख डॉलर अशी मर्यादा होती. शाळेत मोफत किंवा सवलतीचे जेवण घेणारी मुले, पालनपोषण गृहांतील मुले आणि इंग्रजी पुरेसे न येणारी मुले यांना कायद्यातच अग्रक्रम दिलेला आहे. मला या योजनेतील सर्वांत उजवी बाजू वाटते ती म्हणजे पैसा एका सहलीपुरता न देता काही वर्षांसाठी दिला जातो आणि त्यातून वाहतूक, कर्मचारी, साहित्य आणि जेवण या सगळ्यांचा खर्च करता येतो. शिवाय दूरच्या उद्यानाच्या सहलींबरोबर वस्तीतल्या ओढ्यावर, मैदानावर होणारे उपक्रमही त्यात बसतात. एकच मूल वर्षभरात पुन्हा पुन्हा बाहेर जाते, तेव्हा गुहेत बाही धरणारी मुलगी तिसऱ्या खेपेला दुसऱ्या कुणाचा हात धरते.

अनुदानांच्या कारभाराविषयी मात्र चांगले बोलवत नाही. एका छोट्या संस्थेच्या हिशेबात काही काळ मदत केल्यामुळे हा भाग मी जवळून पाहिला आहे. कोणत्या अनुदानाविषयी बोलते आहे ते सांगत नाही, पण पद्धत सर्वत्र थोडीफार तशीच आहे. आधी खर्च करा, पावत्या जोडा, अहवाल पाठवा, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परतफेड मिळेल, असा तो व्यवहार असतो. मोठ्या संस्थेची बँकेत शिल्लक असते, तिला याने काही होत नाही. ज्या संस्थेची कचेरी एका चर्चच्या मागच्या खोलीत आहे आणि जिची संचालिका स्वतःच बसच्या दारात उभी राहून मुले मोजते, तिला बसवाल्याचे बिल आधी भागवायला कोणाकडून तरी उसने घ्यावे लागते. एका बुटांच्या दुकानाची पावती उन्हात पुसट झाली म्हणून तेवढी रक्कम अमान्य झाली होती. वापरलेल्या बुटांना तर पावतीच नव्हती, त्यामुळे ती पेटी आमच्या हिशेबात कुठेच आली नाही. वस्तीत रुजलेल्या छोट्या संस्थांना पैसा मिळावा असे उद्दिष्ट लिहायचे आणि अर्ज व हिशेबाचे काम मात्र अर्ज लिहिण्यासाठी स्वतंत्र माणूस ठेवणाऱ्या संस्थेलाच जमेल असे ठेवायचे, हे विसंगत आहे. आगाऊ रक्कम देण्याची सोय जिथे असते, तिथेही ती मागावी लागते, आणि मागता येते हे अनेकांना ठाऊकच नसते.

आणखी एक अडसर पैशाने सुटणारा नाही. करड्या शर्टातला आणि हिरव्या पँटीतला उद्यान-रेंजर, त्याचा बिल्ला, काहींच्या कमरेला पिस्तूल, हे दृश्य सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला रम्य वाटते. ज्या घरात कागदपत्रांचा प्रश्न आहे, तिथे सरकारी नाक्यावर थांबून गणवेशातल्या माणसाला खिडकी उघडून दाखवणे हीच भीतीची गोष्ट असते. आमच्या सहलीत एका आईने यायचे कबूल करून आदल्या संध्याकाळी नकार कळवला. कारण विचारल्यावर तिने फक्त एवढेच सांगितले की तिथे ‘मिग्रा’ असतील. सीमेवरच्या आणि स्थलांतर खात्याच्या पोलिसांना खोऱ्यात याच नावाने ओळखतात. शाळेच्या बसमधून, ओळखीच्या शिक्षिकेसोबत आणि आपली भाषा बोलणाऱ्या मार्गदर्शकासोबत मूल पाठवायला तीच आई तयार होती. कुटुंबाने गाडी घेऊन स्वतः जावे, या गृहीतकावर आधारलेला पास तिच्या काहीच कामाचा नव्हता.

पासाच्या एका वर्षाच्या मर्यादेविषयीही थोडे बोलले पाहिजे. चौथीत जे मिळते ते पाचवीत बंद होते. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मुलांचे वर्ष वाया गेले, तेव्हा पाचवीच्या मुलांनाही ३१ ऑगस्ट २०२१ पर्यंत पास दिला गेला. म्हणजे मनात आणले तर मर्यादा सैल करता येते. धाकट्या आणि थोरल्या भावंडांना त्याच गाडीतून जाता येते हे खरे, पण त्यासाठी चौथीतले मूल सोबत हवे. सगळ्यांसाठी सगळे करता येत नाही म्हणून एका इयत्तेवर भर द्यावा, हे मला पटते. शिवाय दरवर्षी नवी चौथी येते, त्यामुळे काही वर्षांत एक अख्खी पिढी त्यातून जाते, हा हिशेबही चुकीचा नाही. फक्त ज्या शाळेत चौथीच्या वर्षी सहल झाली नाही, तिथल्या मुलांची संधी कायमची जाते.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी राज्य उद्यानांच्या सवलती वेगळ्या आहेत आणि त्या केंद्राच्या पासात येत नाहीत, यावरून नेहमी गोंधळ होतो. चौथीच्या मुलांसाठी राज्याचा स्वतंत्र पास २०२१ मध्ये १९ उद्यानांपासून सुरू झाला आणि पुढे उद्यानांची संख्या वाढवण्यात आली. त्याहून माझ्या पसंतीची योजना म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयाचा पास. पुस्तक न्यावे तसा वाहनाच्या दिवसभराच्या प्रवेशाचा पास ग्रंथालयाच्या कार्डावर घरी नेता येतो, त्याला इयत्तेची अट नाही आणि उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांसाठी गोल्डन बेअर पास आहे. ग्रंथालयाच्या पासाचा निधी अर्थसंकल्पात दर खेपेला अडचणीत येतो आणि तो वाचवण्यासाठी लोकांना पत्रे लिहावी लागतात. ज्यांना अशी पत्रे लिहिण्याची सवय आहे, त्यांनी जरूर लिहावीत. अर्थात हाही पास वाहनाचाच आहे, हे सांगायला नकोच.

मराठी मंडळांना यातून काय घेता येईल, असे काही जणांनी मला विचारले. मंडळाच्या उन्हाळी शिबिराला किंवा भाड्याच्या बसने काढलेल्या सहलीला हा पास चालत नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. गाड्या काढून जाणार असाल, तर ज्या गाडीत चौथीतले मूल असेल तीच गाडी मोफत आत जाते, म्हणून निघण्यापूर्वी कोण कुणाच्या गाडीत बसणार ते ठरवावे. मराठी शाळेच्या शिक्षकांनी सप्टेंबरमध्ये चौथीतल्या मुलांकडून पास काढून घेतले, तर कुणाचाही राहून जाणार नाही. आणि ज्या मंडळांकडे दरवर्षी कार्यक्रमांचा खर्च भागून काही रक्कम उरते, त्यांनी आपल्याच गावातील एखाद्या सरकारी शाळेच्या चौथीसाठी एका बसचे भाडे द्यावे. हजार डॉलरमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमाची एक रांग सजते किंवा पन्नास मुले दिवसभर डोंगरात जाऊन येतात.

गुण द्यायचे झाले, तर ‘एव्हरी किड आउटडोअर्स’ पासाला मी ५ पैकी ३ गुण देईन. मिळवायला सोपा, वापरायला सुटसुटीत आणि गाडीवाल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला निःसंशय फायद्याचा आहे. उरलेले दोन गुण तो ज्यांच्या नावावर चालतो त्यांच्यासाठी राखून ठेवले आहेत. बसभाड्याच्या अनुदानांना, हिशेबाच्या जाचासकट, ४ गुण देते. आगाऊ रक्कम देण्याची पद्धत सरसकट झाली तर पाचही द्यायला हरकत नाही. पास सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपासून काढता येतो, आणि पिनॅकल्सची गुहा पाहायची असेल तर मेच्या मध्याआधीची तारीख धरा. उन्हाळ्यात तिथे पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो, म्हणून माणशी दोन लिटर तरी पाणी आणि एक टॉर्च बरोबर असू द्या. फोनच्या उजेडावर विसंबू नका, गुहेत दोन्ही हात मोकळे लागतात.